झाकण कुणाचं, डबा कुणाचा

डिसेंबर उजाडला तरी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधे दिवाळीतला किल्ला तसाच होता. अळीव वाळून पिवळं पडलेलं, महाराज सिंहासनासकट कलंडलेले, मावळ्यांपैकी दोघांना कुत्र्याने पळवलेलं. सेक्रेटरींनी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा एका शनिवारी दुपारी मी आणि पोरगा खुरपं घेऊन खाली गेलो. माती उपसता उपसता खण्ण आवाज आला. खजिना! म्हणून पोरगं ओरडलं. निघाला स्टीलचा डबा. मग दुसरा. मग तिसरा.

त्याचं झालं असं, की २०२५ च्या जुलैमधे आपले किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, बारापैकी अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, तर पोरांनी हट्ट धरला की राजगड-प्रतापगड सगळेच करतात, आपण जिंजी करायचा. जिंजी आमच्यापैकी एकानेही पाहिलेला नाही. तिथे तीन डोंगर आहेत एवढं मोबाईलवर कळलं आणि तेवढं पुरलं, तीन डबे उपडे घातले, वर पोतं, वर चिखल. धनत्रयोदशी आणि नरक चतुर्दशीच्या मधे १९ तारखेचा रविवार मोकळा आला होता, त्या दिवशी हे बांधकाम माझ्या अपरोक्ष उरकलं. बायको भाऊबीजेपर्यंत विचारत होती, अरे मोठे डबे गेले कुठे, आणि मी शपथेवर सांगत होतो की मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. तरी गेल्या दीड महिन्यात माझ्या शब्दाला घरात किंमत नव्हती.

कारण आमच्याकडे डबे आणि झाकणं हे खातं माझ्याकडे आहे. स्वयंपाकातलं दुसरं काही येत नाही म्हणून ते मिळालं. एरवी आरामाचं काम, पण दिवाळीत त्याची कंट्रोल रूम होते. कुणाचा डबा आला, कुणाचा रिकामा झाला, कुणाकडे आपले दोन अडकलेत, आणि रिकामा तर द्यायचा नाही मग त्यात आता काय घालायचं, कारण आपला चिवडा संपलाय आणि त्यांचाच चिवडा त्यांना कसा द्यायचा.

तर डबे धुतले. दोन आमचे होते. तिसऱ्यावर टिंबाटिंबांनी कोरलेलं 'सप्रेम भेट', खाली ८१ साल, कुणी कुणाला दिलं तो भाग तारेच्या घासणीने कधीच खाऊन टाकलेला. झाकणावर वेगळंच, 'भिशी मंडळ १४'. म्हणजे झाकण एका घरचं आणि डबा दुसऱ्याच घरचा. पण बसतं काय घट्ट! आमच्या स्वतःच्या डब्यांची झाकणं इतकी बसत नाहीत, दर वेळी टाचेने ठोकावी लागतात.

भांड्यावर नाव घालून घ्यायची पद्धत आता गेली का? लहानपणी तुळशीबागेत भांडं घेतलं की दुकानदार विचारायचा, नाव काय घालू. मग ते मशिनचं टर्रर्र, दात शिवशिवायचे. आईने एकदा डझनभर वाट्यांवर आमचं नाव घालून घेतलं आणि त्याने आडनावातला एक काना खाल्ला, बाराही वाट्यांवर. आम्ही भावंडं वाटीला त्याच नावाने हाक मारायचो. त्यातल्या चार आहेत अजून.

आम्ही तेव्हा साताऱ्याला वाड्यात राहायचो. लक्ष्मीपूजन झालं की दुसऱ्या दिवसापासून माझी ड्युटी म्हणजे फराळाची ताटं पोचवणं. ताटावर क्रोशाचा रुमाल, त्याच्या टोकांना मणी, ते चालताना ताटावर टिकटिक वाजायचे. 'आईने दिलंय' एवढं म्हणायचं, काकू म्हणतील थांब, मग थांबायचं, मग तेच ताट त्यांच्या फराळाने भरून परत. वाटेत जिन्याखाली अंधार होता, तिथे एक करंजी कमी व्हायची. ताट घरात आलं की आई उभ्या उभ्या एकेक जिन्नस चाखून निकाल लावायची. चकली मऊ पडलीय. बेसन कच्चं राहिलं. हं, शेव बरीय. तोंडावर मात्र बाहेर 'काय खुसखुशीत झालीय हो चकली'. मला त्या वयात हे फार लागायचं, की आई खोटं बोलते. आता मी स्वतः व्हॉट्सॲपवर 'अप्रतिम' लिहितो, ते पण डबा न उघडता.

आमच्या करंजीच्या कातणाचा एक दात तुटलेला होता. त्यामुळे आमच्या प्रत्येक करंजीच्या कडेला नक्षी नक्षी नक्षी आणि मधेच एक सपाट जागा यायची, पडलेल्या दातासारखी. एका वर्षी पलीकडच्या आळीतून ताट आलं, ज्यांना आम्ही अजून काही दिलंच नव्हतं अशा घरून. आईने रुमाल उचलला, एक करंजी हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला आणि ठेवून दिली. आमचीच होती! कुठे कुठे फिरून, दोन की तीन घरं करून आलेली. मी म्हटलं, आई ही तर. ती म्हणाली, गप्प बस. आणि त्या ताटात चार चकल्या घालून ते परत पाठवलं, ती करंजी पण त्यातच ठेवून. कुणी खाल्ली असेल शेवटी, काय माहीत. मी दोन दिवस त्याच विचारात होतो. नवीन कातण आठ आण्याला मिळत असणार पण आईने ते कधी बदललं नाही, त्या वर्षानंतर तर मुळीच नाही.

यंदाची दिवाळी नेहमीसारखी पळापळीत गेली. २१ ला लक्ष्मीपूजन पुण्यात, पाडव्याला ओवाळणी आटोपून दुपारी निघालो साताऱ्याला, आई आणि भाऊ तिथेच असतात, आणि दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला सगळे मिळून कोल्हापूरला ताईकडे. पोरीचा लॅपटॉप बरोबर कारण कॉलेजचं काहीतरी सबमिशन, बायकोचा पण लॅपटॉप कारण तिचे क्लायंट दिवाळी पाळत नाहीत, पोराचा टाहो की किल्ल्याला पाणी कोण घालणार. डिकीत बॅगा कमी आणि डबे जास्त. खंबाटकी चढायला लागलो की मागून डबे वाजायला लागतात, प्रत्येक वळणाला एक वेगळा सूर, आणि पुढे ट्रकमागे गाडी अडकली की एकदम शांतता, मग पोरगी कानातलं काढून विचारते, पोचलो का. येताना बोगद्यातून येतो त्यामुळे तो कार्यक्रम फक्त जाताना. येताना डबे भरलेले असतात, ते वाजतही नाहीत.

लहानपणी हाच प्रवास एसटीने. एसटीला लाल डबा का म्हणतात ते मला बरीच वर्षं असं वाटायचं की आत सगळ्यांच्या मांडीवर डबे असतात म्हणून. पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, त्या गाडीतही कुणाच्या तरी मांडीवर डबा असणारच, पैज लावतो. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे, आमची आई डबा आत सरकवायची. रुमाल कुणीही उचलून बाजूला टाकतो, लाडवाचा डबा कुणी हलवत नाही, हे तिचं शास्त्र. एकदाच चुकलं, सीटवर आधीच एक आजोबा होते आणि त्यांनी डबा मांडीवर घेऊन कराडपर्यंत सांभाळला. उतरताना त्यांना दोन लाडू मिळाले.

मला त्या मिठाईच्या दुकानातल्या पातळ प्लास्टिकच्या डब्यांचा राग येतो. सोसायटीतून हल्ली फराळ त्यातच येतो, वर स्टिकर. ते परत द्यायचे नसतात. परत द्यायचे नाहीत म्हटल्यावर दार वाजत नाही, मग आत या ना, नको कुकर लावलाय, बरं दोन मिनिटं तरी, हे सगळंच कटाप. बायको म्हणते तूच म्हणायचास ना दिवाळीत माणसं फार येतात. म्हणायचो. आणि ते डबे मी फेकत पण नाही, आमच्याकडे बत्तीस आहेत, झाकणं एकोणतीस.

तर, तो तिसरा डबा. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, हा कुणाचा. अर्ध्या तासात तीन मालक. मावशी म्हणाली डबा माझा, झाकण नाही. आत्या म्हणाली झाकण माझं आहे, चौदा नंबर माझाच होता, पण डबा माझा नव्हे. चुलतभावाने विचारलं आत काय होतं. माती, म्हटलं. वहिनीने हात जोडलेले टाकले, ते कशाबद्दल कळलं नाही. शेवटी आईचा फोन आला. ती म्हणाली मावशीला काही आठवत नाही, तो डबा मी तिला दिलेला, मला माझ्या लग्नात आला होता. मी म्हटलं आई, तुझं लग्न ७४ चं आणि डब्यावर ८१ आहे. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, बरं राहू दे तुझ्याकडे, पुढच्या आठवड्यात येऊन मीच नेऊन देते ज्याचा त्याला, मला कुठे तिकीट पडतंय.

हे मात्र खरं. पंच्याहत्तरच्या पुढच्यांना एसटी फुकट झाल्यापासून ती डबे पोचवायला स्वारगेटपर्यंत येते, आम्हाला न सांगता, आणि स्टँडवरून फोन करते.

अजून आलेली नाही. गुडघा दुखतोय म्हणते. डबा ओट्यावर आहे, मावशीचा का आत्याचा का आईचा ते ठरलेलं नाही, पण रिकामा कसा ठेवायचा म्हणून बायकोने त्यात मूठभर साखर घालून ठेवली होती. काल उघडला, तर मुंग्या. म्हणजे झाकण इतकं पण घट्ट बसत नाही.