तुम्ही विचारलंत म्हणून : नऊ वर्षांच्या काळ्या गाडीवर जाळं का नाही?

संध्याकाळी पार्किंगमधला दिवा लागला की माझ्या गाडीच्या बोनेटपाशी कुणी ना कुणी थांबतं. आमच्या सोसायटीत काळ्या गाड्या बऱ्याच आहेत आणि दिव्याखाली त्यांच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे उमटून दिसतात. माझ्या नऊ वर्षांच्या गाडीवर ते अगदी थोडे आहेत. मग ठरलेला प्रश्न येतो, "ताई, गाडी कुठे धुवायला देता?" कुठेच नाही, घरीच धुते, असं सांगितलं की पुढचा प्रश्न, "मग पुसता कशाने?"

त्या दुसऱ्या प्रश्नातच खरी मेख आहे. मी गाडी पुसत नाही, टिपते.

माझी मुलगी तान्ही असताना तिला न्हाऊमाखू घालायला एक मावशी यायच्या. पहिल्या दिवशी मी टॉवेल घेऊन बाळाचं अंग पुसायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला. "घासू नको गं, नुसतं टिपून घे." पंचा अंगावर ठेवायचा, दाबायचा, उचलायचा. गाडीच्या रंगाबद्दल मला जे सांगायचं आहे, ते निम्मं त्या एका वाक्यात आलं.

उरलेलं निम्मं मी नोकरीत शिकले. चाकणच्या एका कारखान्यात पेंट शॉपमध्ये मी अकरा वर्षं तपासणीला होते. दोन्ही बाजूंना ट्यूबलाइटच्या रांगा, मधून रंगवलेली बॉडी सावकाश सरकत येते आणि आपण बोटांनी, डोळ्यांनी दाणा शोधायचा, ओघळ शोधायचा. आत जाताना बांगड्या, अंगठी, घड्याळ सगळं काढून ठेवायचं. पट्ट्याच्या बक्कलवर कापडाचं आवरण चढवायचं. एवढं का, तर ज्या थरावर आमची नजर असायची तो फार पातळ असतो. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे चकाकीचा पारदर्शक थर. तो साधारण 140 अंशांवर भट्टीत भाजून पक्का केलेला असतो, पण त्याची जाडी जेमतेम 40 ते 50 मायक्रॉन. डोक्यावरचा एक केस धरा, तो साधारण 70 मायक्रॉनचा. म्हणजे गाडीची सगळी झळाळी केसाहून पातळ अशा एका पापुद्र्यावर उभी असते.

आता त्या पापुद्र्यावर काय बसतं ते बघा. आमच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूला बांधकामं थांबतच नाहीत. नदीच्या वाळूऐवजी आता क्रश सँड वापरतात, म्हणजे आपलाच काळा पाषाण फोडून केलेली वाळू. तिची भुकटी हवेत असते आणि सकाळपर्यंत गाडीवर साय धरावी तशी जमते. पाषाणातले कण मोह्‌सच्या काठिण्यमापावर (आकडा मोठा तितका पदार्थ कठीण) सहाच्या आसपास येतात, वाळूतली गारगोटी सातवर. सुरीचं पोलाद साडेपाच. त्यापुढे क्लिअर कोट म्हणजे लोणीच. असा एक कण फडक्याखाली सापडला आणि वरून हाताचा दाब पडला, की तो कण म्हणजे सुरीचं टोक.

धूळ गाडीवर नुसती बसली म्हणून चरा पडत नाही. ती हलवली की पडतो. त्यामुळे रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसणाऱ्या माणसाची गाडी, आठवडाभर धुळीत उभ्या असलेल्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. हे लोकांना पटत नाही. स्वच्छतेची सवय असलेल्या माणसाला तर मुळीच पटत नाही. मी वाद घालत नाही, त्यांना स्वयंपाकघरातलं रोजचं स्टीलचं ताट दिव्याखाली धरायला सांगते. दिव्याभोवती गोल गोल रेघांचं जाळं दिसतं. रेघा खरं तर सगळ्या दिशांना असतात, पण दिव्याकडे आडव्या असलेल्या तेवढ्याच चमकतात, म्हणून वर्तुळ दिसतं. ताट वर्षानुवर्षं घासल्याची ती खूण आहे. गाडीवरचं जाळंही तेच. पांढऱ्या गाडीवरही ते असतं, फक्त दिसत नाही.

पिसांच्या झटकणीबद्दल हमखास विचारतात, कारण कारखान्यात रंगाआधी बॉडीवरून शहामृगाच्या पिसांचे रूळ फिरवतात हे कुणीतरी ऐकलेलं असतं. खरं आहे ते. पण तिथे बॉडी आधीच धुतलेली असते आणि पिसांनी काढायची असते ती हवेतली तूस. रस्त्यावरची खडी तिथे नसते.

मी धुते कशी, ते सांगते. आठवड्यातून एकदा, सकाळी सातच्या आत, गाडी सावलीत आणि बोनेट हाताला गार लागल्यावरच. गरम पत्र्यावर शाम्पू वाळतो आणि डाग धरतो. बांगड्या, अंगठी, घड्याळ आजही काढते. मंगळसूत्र ओढणीच्या आत खोचते, कारण टपावर वाकलं की ते आधी पत्र्याला लागतं.

पहिली पंधरा मिनिटं मी गाडीला हात लावत नाही. करपलेलं पातेलं आपण लगेच घासायला घेतो का? भिजत घालतो. तसंच. आधी वरून खाली साधं पाणी सोडायचं, टपापासून सुरुवात. मग फवाऱ्याने शाम्पूचा फेस सगळीकडे मारायचा आणि चार-पाच मिनिटं थांबायचं. फेस सुकू मात्र द्यायचा नाही. फेस ओघळायला लागला की तो खाली काळपट होत जाताना दिसतो. ती सगळी घाण हाताविना सुटलेली असते. मग पुन्हा पाणी. जे उरलं असेल तेवढ्यापुरतंच हाताचं काम.

त्या कामाला दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक पत्रा हलक्या हाताने धुवायचा, मग मोजा साध्या पाण्यात खळबळून पिळायचा आणि मगच परत शाम्पूत घालायचा. साध्या पाण्याच्या बादलीत तळाशी मी प्लास्टिकची जुनी रोळी उलटी घालते. माती तिच्या भोकांतून खाली बसते आणि मोजा तिच्यापर्यंत पोचत नाही. काम संपल्यावर रोळी उचलून बघा एकदा. तळाला जो चिमूटभर करडा गाळ असतो, तो एका बादलीत धुणाऱ्यांनी गाडीवर परत फिरवलेला असतो. माझ्याकडे बघायला आलेल्या प्रत्येकाला मी तो गाळ बोटांत घेऊन चोळायला लावते. करकर लागतो.

हात सरळ रेषेत, मागे-पुढे. गोल गोल फिरवायचा नाही. सरळ फिरवला म्हणून चरा पडतच नाही असं नाही, पण पडलाच तर एकाच बाजूने उजेड आला की दिसतो. दरवाज्यांचा खालचा भाग आणि मागचा बंपर सगळ्यात शेवटी, कारण खडी तिथेच जास्त असते. चाकांची बादली आणि कापड वेगळंच. ब्रेक झिजून जी काळी भुकटी चाकांवर बसते तिच्यात लोखंडाचे कण असतात. ते कापड पत्र्याच्या जवळही नको.

भांड्यांचं लिक्विड वापरू नका, रंगावरचं वॅक्स, म्हणजे मेणाचा संरक्षक थर, निघून जातं. कपड्यांची पावडर तर नकोच नको.

आता टिपण्याकडे येते. शेवटचं पाणी मी नळीचा फवारा काढून, नुसत्या तोंडाने, अगदी संथ सोडते. पाणी पत्र्यावरून चादरीसारखं सरकत जातं आणि जाताना थेंबही ओढून नेतं. टप आणि बोनेट असे केले की टिपायला फारसं काही उरत नाही. मग मोठं, जाड मायक्रोफायबर घ्यायचं, दोन कोपरे धरून बोनेटवर अंथरायचं, वरून तळव्याने हलकेच दाबायचं आणि उचलायचं. काचेवर ओढलं तरी चालतं, रंगावर शक्यतो नाही. आरशांच्या फटींत आणि दरवाज्यांच्या हँडलमध्ये पाणी दडून बसतं, ते नंतर ओघळून डाग पाडतं. तिथे मी मुलीचा जुना हेअर ड्रायर गार हवेवर लावते.

डागांचं मूळ पाण्यात आहे. आमच्याकडे बोअरचं पाणी येतं आणि टँकरचंही बहुतेक वेळा बोअरचंच. त्यातला चुना थेंब वाळला की मागे राहतो. बाथरूमच्या नळावर पांढरा थर चढतो तोच हा. आरओचं वाया जाणारं पाणी बरेच जण गाडीसाठी साठवतात. पाणी वाचवायची भावना चांगली आहे, पण त्या पाण्यात क्षार उलट जास्त असतात. ते पहिल्या भिजवणीला, चाकांना वापरा. शेवटचं पाणी म्हणून नको. शेवटी घालायला एसीच्या पाइपमधून ठिबकणारं पाणी उत्तम. ते हवेतल्या वाफेचं पाणी, त्यात क्षार जवळपास नसतात. फडक्यातून गाळून घ्यायचं एवढंच. ठाण्याला बहिणीकडे दमट हवेत रात्रीत बादली भरते, आमच्या पुण्यात उन्हाळ्यात निम्मीही भरत नाही. पावसाळ्यात मात्र आभाळच मदतीला येतं.

डाग पडलाच असेल तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करून, कापड त्यात भिजवून, मिनिटभर डागावर ठेवायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. गाडी सावलीत हवी. पक्ष्याच्या विष्ठेला आणि आंब्याखाली पडणाऱ्या चिकट्यालाही तीच रीत, फक्त व्हिनेगरऐवजी साधं पाणी. ओलं कापड ठेवायचं, मऊ होऊ द्यायचं, उचलून घ्यायचं. नखाने खरवडायचं नाही. मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांमुळे आंब्याखालच्या गाड्या अशा चिकट होतात की धूळ त्यावर सिमेंटसारखी बसते. त्या दिवसांत गाडी दुसरीकडे लावणं हाच खरा इलाज.

माझ्या गाडीवर चराच नाही असं मात्र समजू नका. बोनेटच्या डाव्या कडेला वीतभर चरा आहे. गाडी घेतली त्याच वर्षीच्या दसऱ्याचा. पूजा केली, कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ बांधली आणि तशीच गाडी घेऊन सासूबाईंना देवळात नेऊन आणलं. माळ तारेत ओवलेली होती. वाऱ्याने ती सगळी वाट बोनेटवर आपटत होती. कारखान्यात बक्कलवर कापड चढवून काम करणारी मी, आणि हे माझ्या लक्षात आलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून माळ दोऱ्यातली असते, समोरच्या जाळीला बांधते आणि गाडी हलवण्याआधी सोडते. कुंकू दुसऱ्या दिवशी पाण्याने उतरवते, कोरडं पुसत नाही.

तो चरा मी पॉलिशने काढलेला नाही. काढायचा म्हणजे आजूबाजूचा क्लिअर कोट चऱ्याच्या तळापर्यंत घासून खाली आणायचा. थर परत भरून येत नाही. दर दिवाळीला मशीन पॉलिश करून घेणाऱ्यांना मी म्हणूनच कळकळीने थांबवते. काही स्वस्त पॉलिश तर चरे नुसते बुजवतात, तीन-चार धुण्यांनंतर ते परत दिसायला लागतात.

आता राहिला सोसायटीत गाड्या धुणारा मुलगा. लोक त्याला दोष देतात. मी एकदा पहाटे साडेपाचला खाली जाऊन त्याच्याबरोबर उभी राहिले. एक बादली, एक फडकं, आठ वाजेपर्यंत बावीस गाड्या. पाचव्या गाडीला पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. "ताई, नळ पार तिकडच्या टोकाला. दर गाडीला पाणी बदलायचं तर मला दुपार होईल," तो म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. आम्ही सात-आठ घरांनी मिळून ठरवलं की रोज नुसत्या काचा आणि आरसे करायचे, बॉडीला हात लावायचा नाही. आठवड्यातून दोनदा नीट ओलं धुणं. पैसे तेवढेच. प्रत्येकाने आपापल्या गाडीची फडकी द्यायची. पाणीकपातीच्या दिवसांत तो नंतर पाण्याने धुवावा न लागणारा शाम्पू वापरतो. एका बादलीत सहा फडकी भिजत घालायची, एकेकाची चौपदरी घडी करायची, म्हणजे आठ बाजू मिळतात. एक बाजू एकदाच वापरायची. धूळ थोडी असेल तरच हे करायचं. चिखल असेल तर गाडी तशीच राहू द्यायची, असं मी त्याला बजावलंय.

फडकी धुते मी. वेगळी, सुती कपड्यांबरोबर कधीच नाही, नाहीतर तूस धरतात. फॅब्रिक सॉफ्टनर नाही, इस्त्री नाही. वाळली की मुठीत चुरगाळून बघते, कडक लागलं की ते चाकांकडे जातं. आणि जे जमिनीवर पडलं ते धुतलं तरी रंगाला परत लावायचं नाही, कारण धाग्यांत अडकलेला खडा धुण्याने निघेलच असं नाही.

गेल्या आठवड्यात खिडकीतून बघत होते. गाड्या धुणाऱ्या त्या मुलाच्या हातून एक कोरं निळं फडकं पार्किंगच्या फरशीवर पडलं. त्याने ते उचललं, इकडेतिकडे बघितलं नाही, झटकलंही नाही. सरळ चाकांच्या बादलीत टाकलं आणि पिशवीतून दुसरं काढलं.