नळाचा खड्डा

आमचं गाव पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरीच्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून सारी भिस्त धरणावरून येणाऱ्या नळावर. तो आठवड्यातून एकदा येतो, धार करंगळीएवढी. वरच्या तोटीपर्यंत पाणी जेमतेम चढतं. मग लोक तोटी काढून टाकतात, नळाशी गुडघाभर खड्डा खणतात आणि त्यात उतरून गुंड-हंडे भरतात.

मी गावची आशा स्वयंसेविका आहे, घरोघरी आरोग्याचं काम बघते. मागच्या श्रावणात एकाच गल्लीत तीन घरी हगवण लागली. एका घरचं दोन वर्षांचं लेकरू, डोळे खोल गेलेले. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसत होती. लिटरभर पाण्यात ओआरएसची पुडी कालवली, चमच्याचमच्यानं पाजायला बसले. झिंकची गोळी रोज एक, १४ दिवस. हगवण थांबली तरी १४ दिवस, हे मी आयांकडून तीनतीनदा वदवून घेते.

त्याची माय म्हणाली, "ताई, आमी त नळाचंच पानी पेतो, काई नालीचं थोडी पेतो?"

हे मला फार लागलं. खरंच बोलत होती ती.

गावच्या पाण्यात ब्लिचिंग टाकणाऱ्या जलसुरक्षकाला घेऊन गेले. टाकीचं पाणी नळीत घेऊन त्यात क्लोरीन तपासायचे ओटीचे थेंब टाकले, पिवळं झालं. म्हणजे ब्लिचिंग बरोबर पडलं होतं. तिच्या नळाचं पाणी मात्र जसंच्या तसं पांढरं. खड्ड्यात वाकून पाहिलं. हिरवट पाणी, कोंबडीचं पीस, नाली हातभर अंतरावर, आणि पाइपाचं तोंड त्यातच बुडालेलं. पुरवठा बंद झाला की लाइन रिकामी होते आणि खड्ड्यातलं पाणी आत ओढते. कोणी लाइनवर मोटर लावली तर आणखीच. पुढच्या खेपेला तेच घराघरात जातं.

अशा बायांना अडाणी, घाणेरड्या म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. खड्डा त्यांनी हौसेनं खणला नाही. पाण्याला जोर नाही, हे मी ग्रामसभेत दोनदा मांडलं.

गाडगेबाबा आमच्याच अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. आधी खराटा, मग कीर्तन. मीही आधी फावडं घेतलं. त्या गल्लीतले पाच खड्डे बुजवले, तोट्या बसवल्या. गुंड भरायला आता दुप्पट वेळ लागतो, बाया कुरकुरतात, तरी भरतात.

परवा त्या मायनं तपासणीची नळी उन्हात धरून विचारलं, "ताई, पिवळं आलं का हे?"

आलं होतं. फिक्कं, पण आलं होतं. वरच्या आळीत अजून चार खड्डे आहेत.