माळढोक गेला उडत!

नान्नजला जाऊन माळढोक न बघता परतणाऱ्यांत आता माझीही भर. १९७९ पासूनचं हे अभयारण्य, सोलापूरहून बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटर. तीन तास दुर्बीण घेऊन बसलो. काळविटं दिसली आणि मोज्यांत कुसळं घुसली, बस्स.

कंटाळून खाली बघितलं तर मनोऱ्याच्या आडोशाला, पावसाचा थेंब पोचत नाही अशा भुरभुरीत मातीत, रुपयाएवढे खड्डे. नरसाळ्यासारखे. मुंगीसिंहाचे! लहानपणी आजोळी यांत काडी फिरवण्यात दुपारच्या दुपारी घालवल्यात.

एक मुंगी काठावरून घसरली. उतार असा बेताचा, की जरा धक्का लागला तरी ढासळावा. ती वर चढू लागली की तळातून मातीचा मारा. तिसऱ्या खेपेला कोयत्यासारखे दोन जबडे वर आले आणि मुंगी आत. जबडे पोकळ. त्यांतून पाचक रस सोडायचा, आतला ऐवज पातळ झाला की ओढून घ्यायचा. थोड्या वेळानं रिकामं टरफल बाहेर फेकलं गेलं.

एकाला तळहातावर घेतलं, तर बेटा मागंमागंच सरकतो. ही अळी. हिला पुढं पंख फुटतात, तेव्हा ती चतुरासारखी दिसते. तोवर शीसुद्धा करत नाही, सगळं पोटातच साठवते. हे भाच्याला सांगितल्यावर तो दिवसभर दुसरं काही बोलला नाही.

संध्याकाळी त्याला घेऊन हिप्परगा तलावावर गेलो. १८७१ सालचा तलाव, काठाला गुडघाभर चिखल. पोरानं गाळणी बुडवली आणि ओरडला, "मामा, विंचू!"

शेजारी जाळं झटकणारे काका हसले. "विंचू न्हवं ओ, पाणविंचू. नांगी न्हाई त्याला. पण तोंडानं चावतंय, बोट नका घालू."

वाळकं पान वाटावं असा तपकिरी, चपटा. पुढचे पाय विळ्यासारखे मुडपलेले, आणि मागं शेपटी म्हणजे श्वासाची नळी! टोक पाण्याबाहेर ठेवून हा तास न् तास चिखलात दडून बसतो. बेडकाचं पिल्लू जवळून गेलं की झडप. खाण्याची रीत मात्र माळावरच्या गड्याचीच : सोंड खुपसायची, रस सोडायचा, शोषून घ्यायचं. एकाला थेंबभर पाणी नको, दुसऱ्याचा सारा संसार पाण्यात. पळापळ दोघांनाही नको.

पाणविंचू परत सोडला. गाळणी अक्काच्या चहाची होती, हे तिला अजून सांगितलेलं नाही.