सेटच्या आधी तार

"परवाना हातात आलाय, आता घरी स्टेशन उभं करायचंय. कोणता सेट घेऊ?" हॅम रेडिओत, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं रेडिओवरून बोलण्याच्या छंदात, नव्यानं आलेले बहुतेक जण मला हेच विचारतात. कुणी दोन मॉडेलांची नावं पुढे ठेवून विचारतं, कुणी किती खर्च करायची तयारी आहे ते सांगून. मी दरवेळी उलट विचारतो, की तार, म्हणजे अँटेना, कुठे बांधणार? यावर बरेच जण गोंधळतात आणि मी उत्तर टाळतोय असं त्यांना वाटतं. टाळत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

घरच्या स्टेशनची कुवत खिडकीबाहेर ठरते, असं माझं ठाम मत आहे. सुस्थितीतला कुठलाही एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झचा, शॉर्टवेव्ह) सेट, नवा असो वा कुणीतरी वर्षानुवर्षं वापरलेला, अँटेना जे पकडून आणेल ते ऐकवायला पुरेसा असतो. पण तारेनं जे पकडलंच नाही, ते महागातला महाग रिसीव्हरही कुठून आणणार? आणि घरातल्या खरखरीत बुडालेला आवाज वर काढणं फिल्टरला फार क्वचित जमतं.

हे पटत नसेल तर सेट विकत घेण्याआधी कुणाच्या तरी सेटवर १४.१०० मेगाहर्ट्झ लावून ऐका. जगभर पसरलेल्या १८ बीकन स्टेशनांसाठी (ठरल्या वेळी आपोआप खूण पाठवणाऱ्या स्टेशनांसाठी) ही जागा राखलेली आहे. प्रत्येकाला १० सेकंदांची पाळी, म्हणजे तीन मिनिटांत एक फेरी. सगळी स्टेशनं सदैव चालू असतात असं नाही, पण जी असतात ती मोर्समध्ये आपला कॉलसाइन (ओळखीची अक्षरं) देतात आणि पाठोपाठ एकेक सेकंदाचे चार लांब सूर सोडतात. पहिला सूर १०० वॉटचा, दुसरा १० वॉटचा, तिसरा १ वॉटचा आणि चौथा ०.१ वॉटचा. बँड उघडा असेल, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सींवर लांबचं ऐकू येत असेल, तर दुसरा सूर सहज येतो, पुष्कळदा तिसराही येतो. हजारो किलोमीटरवरून आलेला तो चौथा सूर, टॉर्चच्या बल्बापेक्षाही कमी शक्तीचा, कानावर पडतो तेव्हा मला आजही आनंद होतो. समोरच्या स्टेशननं शक्ती हजारपटीनं कमी केली आणि तरी ते ऐकू आलं. मग तुमच्या-माझ्यात नेमकं काय कमी पडतं, हा विचार तिथून सुरू करावा.

गणितही हेच सांगतं. एस मीटरचं (सेटवरच्या, येणाऱ्या आवाजाचा जोर दाखवणाऱ्या काट्याचं) एक घर म्हणजे ठरलेल्या मापानुसार ६ डेसिबल, म्हणजेच चौपट शक्ती. १०० वॉटचे ४०० वॉट केलेत तर पलीकडच्या माणसाचा काटा एका घरानं सरकेल, बस. उलट ५ वॉट आणि १०० वॉट यांत फरक १३ डेसिबलचा, म्हणजे दोन घरांहून थोडा जास्त. यातलं बरंच काही अँटेनाची जागा आणि उंची बदलून कमावता येतं. शिवाय ती कमाई बोलताना आणि ऐकताना अशी दोन्हीकडे होते. वाढवलेल्या शक्तीचा ऐकायला काहीच उपयोग नाही.

तर तार. पहिला अँटेना म्हणून मी जवळजवळ सगळ्यांना अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल सुचवतो, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन बाहूंची तार. १४३ ला मेगाहर्ट्झनी भागलं की एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती साधारण २० मीटर येते, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. इन्सुलेशन असलेली तार वापरलीत तर लांबी थोडी कमी लागते, पण कापताना मात्र थोडी जास्तच ठेवा. वर चढवून कोणत्या फ्रिक्वेन्सीला जुळते ते मोजा आणि दोन्ही टोकं सारखी छाटत आणा. हाच ७ मेगाहर्ट्झचा डायपोल २१ मेगाहर्ट्झवरही बऱ्यापैकी जुळतो, तो वरचा फायदा.

दोन उंच आधार मिळत नसतील तर एकाच खांबावर मध्य चढवून दोन्ही बाहू उतरते सोडा. यालाच इन्व्हर्टेड व्ही म्हणतात. दोन बाहूंमधला कोन ९० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. डायपोलच्या मध्यभागी विद्युतप्रवाह सर्वांत जास्त असतो आणि प्रक्षेपणाचं बरंचसं काम तिथेच होतं, म्हणून उंचीचा मान मध्याला दिलेला बरा. टोकांना मात्र व्होल्टेज भरपूर असतं. ती कुणाच्या हाताला लागणार नाहीत इतकी वर बांधा, हे घरात मुलं असोत वा नसोत.

उंचीबद्दल फार गैरसमज आहेत. १४ मेगाहर्ट्झचा डायपोल १० मीटर उंच असेल तर तो अर्ध्या तरंगलांबीवर आहे. त्याचं मुख्य किरण क्षितिजापासून सुमारे ३० अंशांवर निघतं आणि दूरदेशीची स्टेशनं मिळू लागतात. तीच १० मीटर उंची ७ मेगाहर्ट्झला फक्त पाव तरंगलांबी होते, आणि बहुतेक ऊर्जा सरळ वर जाते. ती आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या, रेडिओलहरी परतवणाऱ्या थरावरून) परतून आसपासच्या काहीशे किलोमीटरच्या प्रदेशात पडते. याला वाईट अँटेना म्हणायचं कारण नाही. दिवसा शेजारच्या गावांशी, जिल्ह्यांशी रोज गप्पा मारायच्या असतील तर हाच हवा. तुम्हाला कुणाशी बोलायचंय हे आधी ठरवा, उंची चांगली की वाईट ते मग कळेल.

जागाच नसेल तर? टोकाकडून फीड केलेली, म्हणजे केबल मध्याऐवजी टोकाशी जोडलेली, अर्ध्या तरंगलांबीची तार हा चांगला मार्ग आहे. टोकाशी रोध दोन-अडीच हजार ओहम असतो, तो ४९:१ ट्रान्सफॉर्मरनं ५० वर आणायचा. २० मीटरची अशी तार ७, १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झवर चालते. उभा व्हर्टिकलही चालेल, पण जमिनीवरचा व्हर्टिकल रेडियलशिवाय (बुंध्यापासून चहूकडे पसरलेल्या तारांशिवाय) अर्धाच असतो. जमिनीवर पसरलेल्या रेडियलांची लांबी अगदी अचूक नसली तरी भागतं, त्यांची संख्या भरपूर हवी. मॅग्नेटिक लूप, म्हणजे कपॅसिटरनं जुळवलेलं लहान कडं, गॅलरीत मावतो, मात्र तो एका वेळी जेवढ्या फ्रिक्वेन्सींवर चालतो ती पट्टी फार अरुंद असते आणि १०० वॉटला त्याच्या कपॅसिटरवर हजारो व्होल्ट येतात. माणसांपासून तो दूर ठेवायला हवा. दोन मीटरच्या दांड्यात सगळे बँड देणारे अँटेना मी कुणालाही सुचवत नाही. तरंगलांबीच्या मानानं अँटेना फार आखूड झाला की त्याचा प्रक्षेपणरोध घटत जातो, आणि तुमची शक्ती कॉइलमध्ये व जमिनीत उष्णता होऊन संपते.

इथे एसडब्ल्यूआरचा, म्हणजे अँटेना सेटशी किती जुळतो हे सांगणाऱ्या आकड्याचा, विषय निघतोच. मीटर १:१ दाखवतो म्हणजे अँटेना उत्तम, ही समजूत इतकी पक्की बसली आहे की ती मोडायला मला बराच वेळ द्यावा लागतो. डमी लोडही (चाचणीसाठी अँटेनाऐवजी जोडायचा रोधही) १:१ दाखवतो, आणि तो जवळजवळ काहीच प्रक्षेपित करत नाही, त्याचं कामच ते. २:१ ला परत येणारी शक्ती ११ टक्के, १.५:१ ला फक्त ४ टक्के, आणि परत आलेली सगळी वाया जाते असंही नाही. त्यामुळे १.५ वरून १.१ वर यायला आठवडे घालवू नका. पूर्वी २ असलेला आकडा पावसाळ्यानंतर आपोआप १.३ झाला तर खूश होण्याऐवजी अँटेना आणि सेट जोडणारी केबल तपासा. पाणी शिरलेली केबल जाताना आणि परतताना दोन्ही वेळा शक्ती खाते, म्हणून मीटरला सगळं छान दिसतं. सेटजवळचा ट्यूनरही (जुळणी करून देणारी पेटीही) सेटची समजूत घालतो, बाहेरच्या तारेत आणि केबलमध्ये काहीच बदलत नाही.

केबलचा हिशोब बँडप्रमाणे करा. बारीक आरजी-५८ ची २० मीटर केबल ७ मेगाहर्ट्झवर एक डेसिबलच्या आसपास खाते, ते चालून जातं. तीच केबल १४५ मेगाहर्ट्झवर निम्म्याहून जास्त शक्ती वाटेतच गिळते. तिथे आरजी-२१३ किंवा त्याहून चांगली केबल लागते, आणि कनेक्टर पाण्यापासून नीट बंद केलेले लागतात. केवळ हँडहेल्ड (हातात धरायचा सेट) असलेल्यांनाही माझा हाच सल्ला. १४५ मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगलांबीचा दांडा प्रत्यक्षात अर्ध्या मीटरहून किंचित कमी, जेमतेम ४९ सेंटिमीटर लागतो. एक दांडा उभा आणि चार दांडे खाली ४५ अंशांत झुकवलेले, एवढं एका सॉकेटवर डाग दिलं की ग्राउंड प्लेन अँटेना तयार होतो. दांडे झुकवल्यानं त्याचा रोध ५० ओहमच्या जवळ येतो. छपराच्या वर चढवलेला हा घरगुती अँटेना हँडहेल्डवरच्या रबरी शेपटीला सहज मागे टाकतो.

आता त्या भागाकडे येतो ज्याबद्दल कुणीच विचारत नाही आणि जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: घरातली खरखर. रिकाम्या फ्रिक्वेन्सीवरही काटा ७ वर टेकलेला असेल, तर ५ वर येणारं दूरचं स्टेशन तुमच्यासाठी अस्तित्वातच नाही. पलीकडचा माणूस बिचारा तुम्हाला उत्तर देत असतो आणि तुम्ही सीक्यू (कुणीही उत्तर द्या, अशी हाक) देत राहता. अशा घरात सेट बदलून काय होणार?

उपाय कष्टाचा आहे, पण साधा आहे. सेट बॅटरीवर चालवा, ७ मेगाहर्ट्झच्या आसपास रिकामी जागा निवडा आणि घराचा मेन स्विच बंद करा. काटा खाली आला तर दोष घरातच आहे. मग एकेक सर्किट चालू करत जा. फोनचे चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, लॅपटॉपचे ॲडाप्टर, टीव्ही, मोडेमचा सप्लाय, सोलर इन्व्हर्टर, यांतलं कुणीतरी सापडतंच. स्विच-मोड सप्लाय दर सेकंदाला हजारो वेळा वीज तोडतो-जोडतो आणि त्याच्या सुरावटी एचएफभर पसरतात. सापडलेली वस्तू बदलता आली तर बदला. नाहीतर तिची वायर एचएफसाठी योग्य अशा फेराइट (चुंबकीय सिरॅमिक) रिंगमधून अनेक वेळा फिरवा. वायरवर नुसतं अडकवलेलं एक फेराइट फारसं काही करत नाही. वेढे वाढले की रोध वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून एकाच्या चौपटीऐवजी चार वेढ्यांना सोळापट परिणाम मिळू शकतो.

दुसरी गोष्ट तुमच्या केबलची. कोॲक्सच्या (मध्ये तार आणि भोवती जाळी असलेल्या अँटेनाच्या केबलच्या) बाहेरच्या जाळीवरूनही विद्युतप्रवाह वाहू शकतो. तो वाहिला की केबल स्वतःच अँटेनाचा भाग होते आणि घरातली सगळी घाण वर नेऊन आत ओतते. म्हणून डायपोलच्या मध्याशी १:१ करंट बॅलन किंवा चोक, म्हणजे जाळीवरचा हा प्रवाह अडवणारा भाग, मी कधीच वगळत नाही. टोकाकडून फीड केलेल्या तारेला तर चोक हवाच, कारण तिथे केबलची जाळी हमखास उलट्या बाहूचं काम करू लागते. आणि जमेल तितका अँटेना घराच्या भिंतींपासून, वायरिंगपासून लांब न्या. चार-पाच मीटर दूर नेल्यानं जो फरक कानाला जाणवतो, तो सेटच्या पुढच्या मॉडेलमध्ये मिळत नाही.

बदल खरंच उपयोगी पडला का, हे "वाटतं बरं" यावर सोडू नका. पल्सारच्या संशोधनासाठी १९९३ चं नोबेल मिळालेले जो टेलर हेही हॅम. त्यांनी २००८ मध्ये डब्ल्यूएसपीआर ही पद्धत आणली. सुमारे दोन मिनिटांचा अगदी मंद संदेश ०.२ वॉटवर सोडायचा, आणि जगात कुठे, किती डेसिबलनं ऐकू गेला याची नोंद ऐकणारी स्टेशनं आपोआप करतात. दोन अँटेना पाळीपाळीनं जोडा आणि एकाच श्रोत्याच्या नोंदी काही दिवस पडताळून पाहा. आयनोस्फिअर मिनिटामिनिटाला बदलतं, म्हणून एकदोन नोंदींवरून निकाल लावायचा नाही.

सुरक्षेचं थोडक्यात, पण पक्कं. तार तुटली किंवा खांब कोसळला तरी विजेच्या लाइनला स्पर्श होणार नाही, अशीच जागा निवडा. अशी जागा नसेल तर तो अँटेना उभारूच नका. ढग जमू लागण्याआधी केबल सेटपासून काढून घराबाहेर ठेवा, गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नका.

एवढं झालं की मग सेट. १०० वॉटचा एचएफ सेट बोलताना १३.८ व्होल्टवर २० अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणून सप्लाय २५ ते ३० अँपिअरचा घ्या. तो स्विच-मोड असेल तर आधी आपल्याच रिसीव्हरवर ऐकून पाहा, नाहीतर बाहेरची खरखर शोधून काढायची आणि तीच टेबलावर आणून ठेवायची. वॉटरफॉल (आसपासच्या फ्रिक्वेन्सींचं पडद्यावर सरकणारं चित्र) दाखवणारा सेट मी आवर्जून सुचवतो, कारण घरातली खरखर त्यात डोळ्यांनी दिसते. वापरलेला सेट घेत असाल तर प्रत्येक बँडवर डमी लोडमध्ये पूर्ण शक्ती देतो का पाहा आणि अर्धा तास चालू ठेवून फ्रिक्वेन्सी सरकते का तपासा. मुख्य नॉब हळू फिरवताना आकडे उड्या मारत नाहीत ना, तेही बघा. सेटबरोबर मूळ मायक्रोफोन, पॉवरची वायर आणि तिच्या दोन्ही तारांतले फ्यूज मागून घ्यायला विसरू नका.