खाडा

श्रावणातला रविवार, रात्रीचे सव्वादहा

आज खाडा. पावणेसहाला गजर झाला, उठून खिडकी उघडली तर पाऊस असा कोसळत होता की समोरच्या इमारतीचे दिवेसुद्धा धड दिसेनात. ठाण्यातल्या कचराळी तलावाकडे चालायला जाण्यात काही अर्थ नव्हता. बूट परत जागेवर ठेवले आणि कालनिर्णयच्या आजच्या चौकोनात पेन्सिलीने 'खा' लिहिलं.

आमच्या स्वयंपाकघरातल्या त्या कालनिर्णयवर सगळ्या घराचा हिशेब असतो. दूध जास्त घेतलं की 'अर्धा जादा', मावशी आल्या नाहीत की फुली, सिलिंडर लावला ती तारीख गोल केलेली. 15 जूनपासून त्यात माझ्या चालण्याची भर पडली. चालले त्या दिवशी मिनिटं, नाही चालले तर 'खा'. आज संध्याकाळी पानं मागे उलटून मोजलं. 71 दिवस, 14 खाडे.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी जिम लावली होती. तीन आठवडे नेमाने गेले. मग नात्यातल्या लग्नाला चार दिवस साताऱ्याला जावं लागलं आणि परत आल्यावर जिमची पायरी चढले नाही. एकदा मोडलं की मोडलंच, असं तेव्हा मनाने घेतलं होतं. या वेळी मात्र कालनिर्णय कामाला आलं. दूधवाल्याचे चार खाडे झाले म्हणून कुणी दूध बंद करतं का? महिनाअखेरीला तेवढे पैसे वजा करायचे, पाचव्या दिवशी रात्री दाराला पिशवी अडकवायची. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी 96 जणांवर केलेला एक अभ्यास मध्यंतरी वाचनात आला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात, पण माणसागणिक हा आकडा 18 पासून 254 पर्यंत जातो. आणि त्यात असंही दिसलं की मधला एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्यात फारसा फरक पडत नाही. ते वाचल्यापासून 'खा' लिहिताना हात जड होत नाही.

हे सगळं सुरू झालं ते जूनमधल्या रिपोर्टमुळे. एचबीए1सी 6.1 आलं. मागच्या तीनेक महिन्यांतली साखर सरासरी किती होती ते त्यातून कळतं. 5.7 च्या आत असेल तर ठीक, 6.5 पासून पुढे मधुमेह, आणि मी मधल्या पट्ट्यात. माझ्या आईला वीस वर्षं मधुमेह होता. तिच्या पायाची जखम चार महिने भरत नव्हती तेव्हा रोजचं ड्रेसिंग मी केलं आहे. रिपोर्ट हातात घेतला तेव्हा तिचं ते पाऊल डोळ्यांसमोर आलं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2002 साली आले, त्यात माझ्यासारख्याच काठावरच्या लोकांनी आहार सांभाळून, आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम करून वजन थोडं उतरवलं, तर मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं. गोळी दिलेल्या गटात हीच घट 31 टक्के होती. म्हणाले, "तीन महिन्यांनी परत बघू."

चालायचं किती आणि कसं, ते लवकरच जमलं. रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. वेग असा की शेजारणीशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. पाचपाखाडीतून कचराळी जवळच. महापालिकेच्या इमारतीसमोर पहाटेपासून माणसं फेऱ्या मारत असतात आणि रोज तेच चेहरे दिसले की पाय आपोआप वळतात. ऐरोली स्टेशनवर उतरल्यावर शेअर रिक्षा सोडून दिली, तिथली जाऊन-येऊन पंचवीस मिनिटं वेगळी. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, भिंतीला हात लावून जोर काढायचे. नुसतं चालणं पुरत नाही, स्नायूंना ताकदीचं कामही लागतं.

अवघड गेलं ते स्वयंपाकघर. आमच्याकडे बाहेरचं फार येत नाही, गोडही सणावारीच. मग चुकतंय कुठे हे मला कळेना. जूनच्या शेवटी एका रात्री ते दिसलं. सगळ्यांची जेवणं झाली होती, माझंही झालं होतं. कुकरच्या डब्यात ओंजळभर भात उरला होता, आमटीच्या पातेल्यात दोन पळ्या आमटी. एवढ्याशासाठी वेगळा डबा कुठे काढायचा, म्हणून मी ओट्याशी उभी राहून तो भात पातेल्यातच कालवला आणि खाऊ लागले. तिसऱ्या घासाला थांबले. हे मी रोज करते. भूक लागलेली नसते, चवीकडे लक्ष नसतं, फक्त अन्न वाया जाऊ नये म्हणून. जेवणावर आणखी अर्धं जेवण, वर्षानुवर्षं.

अन्न टाकू नये हे खरंच आहे, आणि मी ते सोडणार नाही. पण चूक मापात होती. तांदूळ मोजायचं आमचं स्टीलचं फुलपात्र सासऱ्यांच्या वेळचं. घरात सात माणसं होती तेव्हा तीन फुलपात्रं लागायची. आता चौघांना दोन, असा माझा हात बसला होता. दुसऱ्या दिवशी दीड घेतलं, आठवड्याने सव्वा. कुणाला काही कमी पडलं नाही. कुकरचा डबा रिकामा निघायला लागला आणि ओट्याशी उभं राहण्याचं कारणच उरलं नाही. आता मी ताट वाढून घेते आणि बसून जेवते. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी-भाजी, शेवटी वाटीभर भात. फोडणीला पळीऐवजी चमचा घेतला, तर पाच लिटरचा तेलाचा कॅन महिन्याऐवजी चाळीस दिवस गेला. भाजीला जांभळी नाक्याला जाते. या दिवसांत तिथे टाकळा, कंटोळी मिळतात, आणि पालेभाजी निवडायला लेक मदत करते हा माझा वेगळा आनंद.

श्रावणाची मला धास्ती होती. सोमवार म्हणजे साबुदाण्याची खिचडी, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात बटाटा. आईंना, म्हणजे सासूबाईंना, कसं सांगायचं याचा दोन दिवस विचार केला. शेवटी बोलले.

"आई, या सोमवारी खिचडी नको करूया का?"

"अगं मग नको करू. आमच्या माहेरी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटीच असायची. साबुदाणा पुढे सोयीचा म्हणून आला."

"तुम्हाला चालेल?"

"मला चालेल काय विचारतेस, मला आवडते ती. तुम्हा सगळ्यांना खिचडी हवी असते म्हणून मी बोलत नव्हते."

इतकी वर्षं आम्ही दोघी एकमेकींसाठी खिचडी करत होतो. गेल्या सोमवारी आमटी त्यांनी स्वतः केली, दाणे भाजण्यापासून. चिंच-गुळाचा अंदाज त्यांचाच.

रात्रीची शतपावलीही त्यांच्यामुळेच परत सुरू झाली. त्यांचं वय 74, गुडघे दुखतात, तलावापर्यंत येववत नाही. पण जेवणानंतर इमारतीखाली पार्किंगमध्ये माझा हात धरून दहा मिनिटं चालतात. जेवल्यावर चाललं की पायांचे स्नायू रक्तातली साखर तिथल्या तिथे वापरतात, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमचे वडील रोज घालायचे. मोजून शंभर, अंगणात." मग आज वडिलांच्या अंगणाबद्दलच बोलत राहिल्या. कुठे प्राजक्त होता, कुठे विहीर. पाऊस बाहेर चालूच होता, पत्र्यावर इतका वाजत होता की त्यांचं बोलणं ऐकायला मला वाकावं लागत होतं.

वर आल्यावर मटकी उपसली आणि ओल्या फडक्यात घट्ट बांधून पातेल्यात ठेवली. मंगळवारी सकाळी मोड येतील. उद्या सोमवार, म्हणून आई झोपण्याआधी दाण्यांचा डबा ओट्यावर काढून ठेवून गेल्या आहेत.

आत्ता उठून कालनिर्णयपाशी गेले. आजच्या 'खा'शेजारी लिहिलं: रात्री 10 मि., आईंबरोबर.