ठाण्याच्या खाडीकाठच्या जुन्या वास्तू: एका दिवसाची भटकंती

ठाण्याचा किल्ला कुठे, असं विचारलं की पुष्कळ ठाणेकरही घोडबंदरचं नाव घेतात. खरं तर तो शहरातच, कळवा पुलाजवळ आहे आणि आपण त्याला मध्यवर्ती कारागृह म्हणतो. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास तो बांधायला घेतला. काम पुरं होण्याआधीच, १७३७ मध्ये, मराठ्यांनी तो जिंकला. १७७४ च्या डिसेंबरअखेरीस इंग्रजांनी तो घेतला आणि पुढे त्याचा तुरुंग झाला.

आत जाता येत नाही, तरीही तिथे जाच. बाहेरच्या रस्त्यावरून तट पाहताना मला दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे आठवत होते. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनानंतर पेशव्यांना त्रिंबकजींना इंग्रजांच्या हवाली करावं लागलं आणि त्यांना इथे ठेवलं गेलं. पहाऱ्यावर मुद्दाम सगळे गोरे शिपाई नेमले होते. कथा अशी सांगतात की, एका मराठी मोतद्दाराने घोड्याची निगा राखता राखता खिडकीखाली गाणी म्हटली आणि त्या गाण्यांतूनच सुटकेचा बेत आत पोचवला. पहारेकऱ्यांना मराठी कळतच नव्हतं! सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले. याच तटांच्या आत १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना नाशिकचा कलेक्टर जॅक्सनच्या वधाबद्दल फाशी दिलं गेलं. ठाण्यात येणाऱ्या प्रत्येकाने निदान एवढ्यासाठी तरी इथे थांबावं, असं मला मनापासून वाटतं. मात्र कारागृहाच्या भिंतीचे, दरवाजाचे फोटो काढू नका.

तिथून कळवा पुलाकडे गेलात तर खाडी आणि रेल्वेचे पूल दिसतात. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आली. पुढच्या वर्षी खाडी ओलांडून रूळ कल्याणला पोचले.

वार निवडताना मात्र विचार करा. सोमवारी कोपिनेश्वराच्या मंदिरात गर्दी, शनिवारी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, शब्बाथ हा त्यांचा विश्रांतीचा दिवस, रविवारी चर्चमध्ये मिस्सा म्हणजे सामूहिक प्रार्थना. म्हणून मंगळवार ते शुक्रवार उत्तम. सकाळी लवकर कोपिनेश्वरापासून सुरुवात करा. मासुंदा तलावाकाठचं हे मंदिर १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधलं. गाभाऱ्यातली पिंड एवढी मोठी आहे की पहिल्यांदा पाहणारा थबकतोच. बाहेर जांभळी नाक्याची भाजी मंडई आहे, त्यामुळे गाडी आणूच नका.

तलावाच्या जवळच सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे. त्याचा इतिहास पोर्तुगीज काळापर्यंत जातो. आवारात शाळा आहे, तेव्हा शाळा सुटण्याची वेळ टाळा. टेंभी नाक्याच्या बाजूला १८७९ चं शार हशामायिम सिनेगॉग आहे. कोकण किनाऱ्यावर तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायली, म्हणजे इथले ज्यू, ते 'शनिवार तेली'. त्यांची घरची भाषा मराठीच. आत जायचं तर आधी परवानगी घ्या आणि ओळखपत्र जवळ ठेवा. अचानक जाऊन दारात हुज्जत घालू नका, ते प्रार्थनास्थळ आहे.

दुपारी तहसील कचेरीजवळची मामलेदार मिसळ खा. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा.

घोडबंदर किल्ला दुपारनंतर ठेवा. अरबी घोड्यांच्या व्यापारावरून गावाला नाव पडलं, असं म्हणतात. वसईच्या खाडीवर नजर ठेवणाऱ्या या टेकडीवर पोर्तुगीजांनी तट-बुरूज उभे केले. तेही १७३७ मध्येच मराठ्यांकडे आले. बुरुजावर उभं राहिलं की ही जागा का निवडली हे पुस्तक न वाचताही कळतं. खालून जाणारं प्रत्येक गलबत इथून टिपता येत असणार.

ठाण्याहून घोडबंदर रोडने बोरिवली किंवा मिरा रोडकडे जाणारी बस पकडा आणि घोडबंदर गावाच्या फाट्याला उतरा. तिथून थोडी चाल आहे. गायमुखच्या घाटात गाड्या तुंबतात, म्हणून हाताशी तासभर जास्तीचा ठेवा. पाणी आणि टोपी घ्या. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवर नीट पकड असलेले बूट हवेत. अंधार पडण्याआधी खाली उतरा, कारण परतीच्या बससाठी हमरस्त्यावर थांबावं लागतं.