एक्स-रेचा फोटो

नव्या कार्यालयात रुजू होऊन मला चार महिने झाले होते. एका सकाळी माझ्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीचा निरोप आला की आई घरात पडली आहे, तिला रुग्णालयात आणले आहे, त्यामुळे आज येता येणार नाही. ‘ठीक आहे, कागदपत्रांचा फोटो पाठवा,’ असे मी लगेच कळवले. पाच मिनिटांत तिने आईच्या एक्स-रेचा फोटो पाठवला आणि तो मी नोंदीसाठी आमच्या व्यवस्थापिकेकडे पाठवून दिला.

त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतले. “हा कशासाठी मागवलात? तिच्यावर तुमचा विश्वास नाही का?”

“आहे ना. पण हे तर सगळीकडेच मागतात,” मी म्हणाले, आणि ते मला अगदी मनापासून वाटत होते.

आधीच्या नोकरीत मी सहा वर्षे काढली होती. तिथे पहिल्यांदा ताप आला आणि थर्मामीटरचा फोटो मागितला गेला, तेव्हा अपमानाने मला रडू कोसळले होते. तिसऱ्या वर्षी तो मी न मागताच पाठवू लागले आणि पाचव्या वर्षी, जे पाठवत नाहीत ते कामचुकार, असे मला वाटू लागले. चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाच्या दुर्घटनेचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञ डायान वॉन यांनी या घसरणीला विचलनाचे सामान्यीकरण म्हटले आहे, म्हणजे चुकीची गोष्ट वारंवार घडत गेल्याने ती नेहमीचीच वाटू लागणे. रॉकेटच्या सांध्यांतील रबरी कड्यांची झीज आधीच्या उड्डाणांत दिसलेली होती, पण यान दर वेळी सुखरूप परतत असल्यामुळे ती चालण्यासारखी मानली गेली आणि १९८६ मध्ये सात अंतराळवीरांचा जीव गेला. आमच्याकडे कुणाचा जीव गेला नाही, हे खरे. मात्र काम वेळेवर पूर्ण होत होते, एवढ्यावरच माणसांना तसे वागवणे रास्त ठरत गेले, आणि मला सर्वांत जास्त बोचते ते हे की ते रास्त ठरवणाऱ्यांत मीही होते.

केबिनमधून बाहेर येऊन मी तो फोटो पुसून टाकला, तिला फोन लावला आणि क्षमा मागितली. ती गोंधळली. “त्यात काय, मॅडम? माझ्या आधीच्या ऑफिसात तर व्हिडिओ कॉल करून खाट दाखवावी लागायची.”

काय बोलावे, हे मला क्षणभर सुचेना. मग मी तिला आईची तब्येत कशी आहे ते विचारले. सकाळपासून ते माझ्याकडून विचारलेच गेले नव्हते.